गद्रे नियम

नीरजाने काडतूस सिलिंडरच्या घरात सोडलं. ते टक् करून बसलं, आणि इतकं नेमकं बसलं की बघणाऱ्याला वाटावं, हे घर याच्यासाठीच कोरलंय. तिने ते मागून ढकलून बाहेर काढलं, कापडावर ठेवलं आणि दुकानातल्या काचेच्या काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्याकडे न बघता रिव्हॉल्वर उलटं केलं. लाकडी मुठीवर हरणाचं डोकं कोरलेलं होतं. एक शिंग तुटलेलं.

"बसतंय ना?" म्हातारा म्हणाला. "बसतं म्हणजे चालतं. मला तेवढंच हवंय."

आपण पुरुषोत्तम पागनीस, हे त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. सांगायची काही गरज नव्हती. ते नाव नीरजाच्या घरात वीसेक वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं आणि एक दिवसही कुणी विसरलं नव्हतं. माणूस वाळला होता, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण बोलताना हनुवटी वर करायची खोड घरात ऐकली होती तीच. सरकारी कारखान्यात मोठ्या खुर्चीवर बसलेली काही माणसं निवृत्त झाल्यावरही खुर्ची पाठीला लावूनच फिरतात, त्यातला हा नमुना.

त्याने तिला ओळखलं नव्हतं, निदान तिला तसं वाटलं. ओळखणार तरी कसा? ते सगळं घडलं तेव्हा ती सासरी जयनगरला होती आणि त्याच्या त्या शूटिंग क्लबात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता ती साठी ओलांडलेली बाई, टेबलावरच्या पाटीवर नाव नीरजा हुबळीकर. माहेरचं गद्रे कुठे दिसत नव्हतं.

"मराठी आहात, बरं झालं," असं म्हणून त्याने कामाचं सांगितलं. रिव्हॉल्वर सासऱ्यांचं. ते गेल्यावर लायसन्सवर याच्या नावाने चढलं, तेव्हापासून कपाटात पडून. आता आयुधपूजेला क्लबात पहिली गोळी झाडायचा मान त्याचा, सगळ्यांत जुना सभासद म्हणून. ती या रिव्हॉल्वरमधूनच झाडायची, असं त्याच्या मनात होतं. तेव्हा वस्तूची किंमत काय ते सांगा, आणि ही काडतुसं चालतील का ते बघा. काडतुसं त्याने खिशातून काढून काचेवर ठेवली होती, तपकिरी कागदात गुंडाळलेली. खिशातून! नीरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात कापडावर तसेच राहिले. शुक्रवारी या, असं तिने सांगितलं. तपासायला वेळ लागतो.

तो गेला आणि ती बराच वेळ त्या तांबूस नाकाच्या काडतुसाकडे बघत बसली.

बत्तीस बोअर. लायसन्सवर एवढंच लिहिलेलं असतं, आणि घात होतो तो इथेच. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वरही असतं आणि पिस्तूलही. दोघांची काडतुसं वेगळी, पण कागदावर बोअर एकच. त्यात हे रिव्हॉल्वर जुन्या काळचं, मधून मोडून उघडणारं, काळी दारू वापरायचे तेव्हाच्या मऊ लोखंडाचं. त्याचं खरं काडतूस आखूड आणि शिशाच्या नाकाचं, अंगात फार जोर नसलेलं. ते आता मिळत नाही. हल्लीचं रिव्हॉल्वरचं लांब काडतूस घालावं, तर त्याचं नाक सिलिंडरच्या पुढून डोकावतं आणि सिलिंडर फिरतच नाही. मग माणूस आखूड काहीतरी शोधायला लागतो, आणि पिस्तुलाचं काडतूस सापडतं. ते बसतं. काय छान बसतं! फक्त त्याचा दाब हे म्हातारं लोखंड कायम सोसेल असं नाही. एखादी गोळी सोसेल, दोन सोसेल, आणि मग एकदा सिलिंडर हातातच फुटेल.

नीरजाची उभी हयात तुटलेलं लोखंड बघण्यात गेली होती. विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती मोडलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरून ते का मोडले हे सांगायची. एकच तुटलेली वस्तू तिला कुणी बघू दिली नाही. तिच्या भावाच्या हातात फुटलेलं ते रिव्हॉल्वर क्लबाने परस्पर मोडीत काढलं. निवृत्त झाल्यावर श्रीवत्सने, म्हणजे या बंदुकांच्या दुकानाच्या तरुण मालकाने, जुन्या हत्यारांची पारख करायला येता का असं विचारलं, तेव्हा घरच्यांना वाटलं की ती नाहीच म्हणणार. ती दुसऱ्या दिवशी हजर झाली. ज्या वस्तूने अण्णाची बोटं नेली ती वस्तू आतून कशी असते, एवढं तिला बघायचं होतं.

अण्णा म्हणजे सुहास, तिचा थोरला भाऊ. संशोधन संस्थेत काचकाम करायचा. ज्योतीवर काचेची नळी फिरवत, तोंडाने फुंकत हवा तो आकार काढायचा. मोठमोठे शास्त्रज्ञ त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, आणि त्याला त्याचा गर्व होता, का नसावा? रविवारी क्लबात नेमबाजी, एवढाच त्याचा नाद. पागनीस तेव्हा क्लबाचा सेक्रेटरी. एका रविवारी त्याने सासऱ्याने क्लबाला दिलेलं जुनं रिव्हॉल्वर सुहासच्या हातात ठेवलं. मुठीवर हरणाचं डोकं होतं, हे सुहासने पुढे कितीदा तरी सांगितलं. काडतुसं पागनीसनेच दिली, खिशातून काढून. सिलिंडर फुटला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी उरली.

सुहास हॉस्पिटलातून घरी यायच्या आत क्लबात सगळं ठरूनही गेलं होतं. गद्र्याने घरी भरलेली काडतुसं आणली, असं सेक्रेटरी पागनीस सगळ्यांसमोर म्हणाला, आणि पागनीस म्हणाला म्हणजे झालं. सुहासचं सभासदत्व गेलं, लायसन्स गेलं. संस्थेने त्याला काचकामाच्या टेबलावरून उचलून स्टोअरमध्ये बसवलं, दुसऱ्यांनी केलेल्या नळ्या मोजून द्यायला. पोलिसांत देऊ नका, पोराची नोकरी जाईल, म्हणून आई पागनीसच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडून आली. आणि त्याने पडू दिलं.

वर क्लबाने एक नियम केला. तेव्हापासून जो कुणी गोळी झाडेल त्याने आधी काडतूस उघड्या तळहातावर धरायचं आणि ते कुठलं, कुणी दिलं, हे मोठ्याने सांगायचं. नवी पोरं त्याला गद्रे नियम म्हणतात. श्रीवत्सने एकदा सहज बोलता बोलता हे सांगितलं होतं, गद्रे कोण हे माहीत नसताना. नीरजा तेव्हा मान खाली घालून एका बंदुकीच्या नळीत तेल सोडत राहिली.

त्या संध्याकाळी ती मल्लेश्वरमला घरी, आता भावाबरोबर राहायची तिथे, पोचली तेव्हा सुहास स्वयंपाकघरात शेंगा निवडत होता. उजव्या हाताच्या अंगठा-करंगळीच्या चिमट्यात शेंग धरायची आणि डाव्या हाताने दोर ओढायचा. घरात तो सगळं करायचा. बाहेर मात्र कुठे जेवायला बसायचा नाही. लग्न असो, मुंज असो, पंगत बसायला लागली की याचं पोट भरलेलं असायचं. डाव्या हाताने जेवणाऱ्याकडे शेजारचा एकदा बघतो, मग बघत नाही, आणि ते न बघणंच त्याला सोसायचं नाही.

तिने चहा टाकला आणि पाठमोरीच विचारलं, की अण्णा, त्या दिवशीचं काडतूस दिसायला कसं होतं रे? इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. शिशाचं नाक आणि तांब्याचं नाक यांतला फरक तेव्हा तिलाच कुठे माहीत होता.

सुहासने शेंग खाली ठेवली. देखणं होतं, म्हणाला. नाक तांब्याच्या रंगाचं. आणि मग म्हणाला, साखर स्वल्प कमी घाल.

बस. आता काही शंकाच उरली नाही. घरी भरलेलं नव्हे, बाहेरचं नव्हे, त्याच माणसाच्या खिशातलं तेच काडतूस. आणि त्या गाढवाला अजून पत्ता नाही! माझ्या भावाच्या हाताचा चेंदा करून हा माणूस आजही तेच काडतूस खिशात घालून फिरतोय आणि विचारतोय, बसतंय ना? नीरजाला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. बसतंय की. पुरुषोत्तम पागनीस, अगदी बरोबर बसतंय.

काही करायचं नव्हतं तिला. विष घालायचं नव्हतं, मारेकरी पाठवायचा नव्हता. फक्त एक दोरा बांधायचा होता. दुकानाची ती रीत होती, श्रीवत्सच्या आजोबांपासूनची. पारख झालेल्या हत्याराच्या चापाच्या कड्यात दोरा बांधायचा. वापरण्याजोगं असेल तर पांढरा, नुसतं ठेवण्याजोगं असेल तर लाल. शहरातले सगळे क्लब हा दोरा मानत. लाल दोऱ्याचं हत्यार पूजेला मांडत, पण त्यातून गोळी झाडू देत नसत. नीरजाने आजवर एकही दोरा चुकीचा बांधला नव्हता. म्हणून तर कुणी तिला विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने रिव्हॉल्वर नीट तपासलं. कामात कुचराई तिच्या स्वभावातच नव्हती, मनात काही का असेना. कुणीतरी हौसेने वरून चकचकीत मुलामा चढवला होता, त्याने जुन्या वस्तूचं मोल निम्म्यावर आणलं होतं. कारखान्याचे ठसे घासले गेले होते. घरं पुढपर्यंत सरळ कोरून काढलेली, म्हणून नको ते काडतूसही आत शिरायचं. मधला अडसर सैल, हाताने हलवला तरी खडखडायचा. आणि सिलिंडरच्या एका घराच्या कडेला, भिंगातून पाहिलं तर, केसाएवढी रेघ. तिने भिंग फिरवून रेघ पुन्हा पाहिली. एकच गोळी पुरे होती.

तिने कपाटातून दोऱ्यांचं खोकं काढलं. श्रीवत्स समोरच फोनवर कुणाशी तरी कन्नडात हुज्जत घालत होता. तिने पांढरा दोरा घेतला, कड्यातून ओवला, दोनदा गाठ मारली आणि टोकं कात्रीने सारखी केली. श्रीवत्सने फोन खाली ठेवून बघितलं, दोरा पांढरा आहे एवढं पाहिलं आणि ठीक आहे अशा अर्थाने म्हणाला, "सरी अक्का."

त्या रात्री तिला शांत झोप लागली. याची तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

शुक्रवारी पागनीस दुकान उघडायलाच हजर. श्रीवत्स मागच्या खोलीत क्लबाच्या पूजेला न्यायच्या बंदुका पुसत होता. नीरजाने रिव्हॉल्वर कापडासकट काचेवर ठेवलं, शेजारी ती तपकिरी पुडी. म्हणायचं वाक्य तिने मेट्रोत बसल्या बसल्या घोटून ठेवलं होतं. वस्तूला फार मोल नाही, पण चालेल. झाडा पहिली गोळी. एवढंच.

ते वाक्य तिला म्हणावंच लागलं नाही. म्हातारा त्या पांढऱ्या दोऱ्याकडे बघत राहिला. वस्तूला हात लावेना, पुडीलाही नाही. हनुवटी खाली आली होती.

"पांढरा बांधलात," तो म्हणाला.

नीरजाने कापडाची कड सरळ केली.

"तुमची आई माझ्या पाया पडली होती. तुम्ही अगदी तशाच दिसता. परवा दारातून आत आलो तेव्हाच ओळखलं मी."

मग त्याने शर्टाच्या खिशातून आणखी एक वस्तू काढून काचेवर ठेवली. काडतुसाची पितळेची रिकामी पुंगळी, काळवंडलेली, एका अंगाने उभी चिरलेली. नीरजाला ती काय आहे हे सांगावं लागलं नाही. तुटलेला धातू तिला वाचता येत होता. पिस्तुलाची पुंगळी, नको त्या घरात उडालेली.

तो बोलत राहिला, खालच्या आवाजात, काचेकडे बघत. हे रिव्हॉल्वर जोडीतलं दुसरं. पहिलं सुहासच्या हातात फुटलं. त्याच संध्याकाळी मैदानावर त्याला ही पुंगळी सापडली आणि सगळं कळलं. पण तोवर तो क्लबात बोलून बसला होता. बोललेलं परत कसं घ्यायचं? आज सांगू, उद्या सांगू, करता करता सुहासच्या नावाचा नियमसुद्धा होऊन गेला. बायको गेली, तिलाही त्याने सांगितलं नाही. आता पहिल्या गोळीचा मान आला, तेव्हा कपाटातलं हे रिव्हॉल्वर आठवलं. गद्र्यांची मुलगी कुठे बसते हेही ठाऊक होतं. म्हटलं, तिच्यापुढे ठेवावं. तिने लाल बांधला तर ठीक. तिने पांढरा बांधला तर तेही ठीक, आपण गोळी झाडायची. ठरवायचं ते तुमच्या घरातल्या कुणी ठरवावं.

"माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "हात द्यायला तयार आहे मी."

क्षणभर नीरजाला वाटलं, घ्यावा. समोर येऊन देतोय तर घ्यावा. आणि मग तिला लख्ख दिसलं, हा काय देतोय ते. पूजेच्या दिवशी शंभर माणसांसमोर याच्या हातात रिव्हॉल्वर फुटणार, सगळे धावणार, रक्त, गाडी, हॉस्पिटल. मग कुणीतरी तो दोरा बघणार. कुणी बांधला पांढरा? नीरजा हुबळीकरने. कोण ही? माहेरची गद्रे. त्या सुहास गद्र्याची बहीण. झालं! पुन्हा गद्रेच. आणि हा बिचारा म्हातारा, दोन-तीन बोटं देऊन मोकळा, वर सगळ्यांची कणव त्यालाच. प्रायश्चित्त याचं, आणि गुन्हेगार परत आपल्याच घरातला. त्याने मुद्दाम तसा डाव टाकला होता, असं तिला वाटलं नाही. आयुष्यभर आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची सवय लागलेल्या माणसाला पश्चात्तापसुद्धा दुसऱ्याच्याच हातून करून घ्यावासा वाटतो. एवढं कळल्यावर तिचा राग आणखीच वाढला.

तिने कात्री घेतली. पांढरा दोरा कापला, खोक्यातून लाल काढला आणि बांधला. गाठ इतकी आवळली की बोटावर वळ उठला.

"मला तुमचा हात नकोय," ती म्हणाली. "तोंड हवंय."

त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला, पुंगळी काचेवर ठेवताना उतरला नव्हता इतका. पूजेला पहिली गोळी तुम्ही झाडणारच आहात, तिने सांगितलं, क्लबाच्या हत्यारातून झाडा. त्याआधी काडतूस तळहातावर धरून सांगावं लागतं ना, कुठलं आणि कुणी दिलं? तुम्हीच तर केलाय नियम. ही पुंगळी धरा आणि सांगा.

"ते मला नाही जमणार," म्हातारा म्हणाला. नातवंडं येणार आहेत, म्हणाला. सगळे ओळखीचे असतात.

"बोटं द्यायला निघाला होतात."

तिने पुंगळी उचलून त्याच्याच खिशात परत घातली, शर्टाच्या, वरच्या. पुरावा म्हणून ठेवून घेता आली असती. घरी जाताना मेट्रोत तिने स्वतःला त्यावरून चार शिव्याही घातल्या. पण तो पुरावा घेऊन क्लबात आरडाओरडा करणारी बहीण तिला व्हायचं नव्हतं. ज्या तोंडाने गद्र्यांचं नाव घालवलं त्याच तोंडून ते परत यायला हवं होतं, नाहीतर यायलाच नको होतं.

सुहासला तिने काही सांगितलं नाही. श्रीवत्सच्या दुकानाच्या बंदुका पूजेला जायच्या आहेत, फुलांच्या पिशव्या धरायला कुणी नाही, एवढंच म्हणाली. क्लबाचं नाव ऐकून तो थांबला. मी फाटकाशी उभा राहीन, म्हणाला, आणि जेवायला थांबणार नाही.

आयुधपूजेच्या सकाळी शहरभर कोहळे फुटत होते. प्रत्येक चौकात कुंकवाने लाल झालेला गर, त्यावरून घसरणाऱ्या स्कूटरी, ऑटोंना केळीचे खुंट बांधलेले. क्लबाच्या मैदानावर लांब टेबलावर पांढरी चादर घालून बंदुका मांडल्या होत्या, प्रत्येकीला हळदीकुंकू आणि झेंडू. हरणाच्या डोक्याचं रिव्हॉल्वर टोकाला होतं, लाल दोऱ्यासकट. सुहास फाटकाजवळच्या झाडाखाली उभा, उजवा हात पँटच्या खिशात. दोन-तीन जुन्या सभासदांनी त्याला पाहिलं आणि एकमेकांना कोपराने डिवचलं. नीरजाला ते दिसलं. तिने ते चेहरे लक्षात ठेवले.

आरती झाली. सेक्रेटरीने माइकवरून पागनीस सरांना पुढे बोलावलं, चार शब्द गौरवाचे बोलला, मग क्लबाचं पिस्तूल आणि एक काडतूस त्यांच्यापुढे धरलं. पागनीसने काडतूस घेतलं. डाव्या तळहातावर ठेवलं. नीरजाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. "बावीस बोअर," तो माइकमध्ये म्हणाला, "क्लबाचं," आणि हात मिटायला लागला.

म्हणजे नाही सांगणार. काय मूर्खपणा केला आपण! पुंगळी परत दिली, हातचं सगळं घालवलं. पांढरा दोराच बरा होता. तिने मनातल्या मनात त्याला तळतळून शाप दिला, जसा आईने कधी दिला नव्हता.

पण तो हात पुरता मिटला नाही. लोक वाट बघत होते. पुरोहिताने कोहळा उचलून धरला होता, गोळीनंतर फोडायचा म्हणून, आणि त्याचे दंड भरून आले असावेत, कारण त्याने तो पुन्हा खाली ठेवला. पागनीसने बावीस बोअरचं काडतूस टेबलावर ठेवून दिलं. खिशात दोन बोटं घातली. चिरलेली पुंगळी तळहातावर घेतली आणि तो हात पुढे धरला.

तो आधी कन्नडमध्ये बोलला, कारण क्लबात सगळे तेच बोलत. बत्तीस बोअरची पिस्तुलाची पुंगळी, म्हणाला. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घालू नये ती घातली गेली. कुठल्या वर्षी, कोणाच्या हातात, सगळं सांगितलं. घरी भरलेलं काडतूस वगैरे काही नव्हतं, ते आपण रचलं. पहिल्या रांगेत एक तरुण बाई बसली होती, त्याची नात असावी. तिने मांडीवरच्या लहान मुलाचं डोकं उगाच छातीशी धरलं. शेवटी तो मराठीत बोलला, फाटकाच्या दिशेने. तिथे बसलेल्यांतल्या फार थोड्यांना ते कळलं असेल.

"सुहास, ते माझ्या खिशातलं होतं. मी दिलं."

पहिली गोळी कुणी झाडलीच नाही. सेक्रेटरीला काय करावं ते सुचेना, मग पुरोहितानेच कोहळा आपटून फोडला आणि लोक उठले. एरवी पागनीसभोवती घोळका असायचा. आज लोक टेबलाच्या दुसऱ्या बाजूने गेले.

नीरजा फाटकाशी पोचली तेव्हा सुहास तिथेच होता. रडत नव्हता, हसत नव्हता. झाडाच्या सालीवर नख घासत होता, आणि तो उजवा हात होता. खिशातून केव्हा बाहेर काढला, ते त्यालाही कळलं नसावं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

ती हो म्हणाली.

त्याने मैदानाकडे पाहिलं. तिकडे केळीची पानं मांडली जात होती, डाळीच्या कोसंबरीच्या बादल्या येत होत्या. मग म्हणाला, "नीरू, भूक लागलीय मला."

नळावर त्याने डावा हात धुतला, कोपरापर्यंत, सावकाश, आणि पहिल्या पंगतीत मधोमध जाऊन बसला. वाढणारा होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, घेऊन आला, त्याचा डावा हात बघून थबकला. सुहासने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं आणि दोन वाढ म्हणाला, वर तूप सोडून. वाढणाऱ्याने दोन वाढल्या. शेजारी श्रीवत्स येऊन बसला होता. त्याचं निम्मं लक्ष पानाकडे आणि निम्मं सुहासकडे होतं. गद्रे म्हणजे कोण, हे त्याला आत्ता कुठे कळत होतं.

पंगतीच्या पार टोकाला पागनीस बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी होती. नात मुलाला घेऊन गाडीत जाऊन बसली होती. त्याच्या पानावर सगळं वाढलेलं होतं आणि दहाच्या दहा बोटं पानाच्या कडेला टेकवून तो नुसता बसला होता.

श्रीवत्सने आपल्या शेजारचं पान दाखवून अक्काला बसायला सांगितलं, भावाजवळ. नीरजाने मान हलवली. ती समोरच्या पंगतीत गेली, जिथून पागनीस नीट दिसेल अशी जागा बघून बसली, आणि सावकाश पोटभर जेवली.